मांजरांना घर कसं शोधायचं, आणि कुणाला देऊ नये

फोन बहुतेक रविवारी सकाळीच येतो. "ताई, आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये मांजर व्यायलीये, चार पिल्लं आहेत, तुमची संस्था आहे ना, या आणि घेऊन जा." आता आमची संस्था वगैरे काही नाहीये, आम्ही दादर ते लालबाग पट्ट्यातल्या सहाजणी, एक काळीपिवळीवाले काका आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बस. गोडाऊन नाही, शेल्टर नाही, माझ्याकडे वन बीएचकेमधलं एक बाथरूम आहे आणि त्यात आत्ता हे टाइप करतेय तेव्हाही एक बोका बसलाय. तुमच्या एरियात असा ग्रुप चालू करायचा असेल किंवा चारदोन पिल्लांना एकट्याने घर शोधायचं असेल, तर आम्ही काय काय करतो ते सांगते, आणि कुठे तोंडावर आपटलो तेही.

पहिली गोष्ट म्हणजे लगेच उचलू नका. पिल्लं एकटी दिसली की लोकांना वाटतं आई सोडून गेली. आई मच्छीवाल्या मावशींच्या पाटीजवळ बसलेली असते, खाऊन परत येणार असते. माझी आजी म्हणायची मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, सात कुणी मोजली माहीत नाही पण फिरवते हे खरंय, एकेक पिल्लू मानेला धरून नेते, त्यामुळे जिन्यात सापडलेलं एकटं पिल्लू हे कित्येकदा शिफ्टिंगमध्ये मागे राहिलेलं सामान असतं. पिल्लं गरम आहेत, पोटं गोल आहेत, शांत झोपलीयेत तर आई येतेय असं समजा. खात्री नसेल तर पिल्लांभोवती कणकेचं पातळ रिंगण करा आणि चारपाच तासांनी येऊन बघा, पिठात पायाचे ठसे उमटले असतील तर आई येऊन गेली. (नंतर पुसा, नाहीतर मुंग्या.) पिल्लं गार पडलीयेत, सारखी ओरडतायत, पाऊस आहे, कुत्रे आहेत, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, उचला.

दुसरी गोष्ट आम्हाला कळायला दोन वर्षं लागली: फोन करणाऱ्यालाच कामाला लावा. "घेऊन जा" म्हणणाऱ्याला आम्ही आता एवढंच विचारतो, काका, तीन आठवडे बाथरूममध्ये ठेवू शकाल का, खाणं आम्ही पाठवतो, डॉक्टरकडे आम्ही नेतो, फोटो आम्ही टाकतो, घर आम्ही शोधतो. निम्मे तिथेच फोन ठेवतात. त्यांना वाईट वाटू द्या. उरलेल्यांपैकी काही जण खरंच ठेवतात, आणि त्यातले एकदोन असे निघतात की तीन आठवड्यांनी फोन करून म्हणतात अहो ती पांढरी आम्हीच ठेवतोय, बायकोला लळा लागला. आम्ही जर प्रत्येक फोनला धावत जाऊन पिल्लं आणली असती ना तर पहिल्या उन्हाळ्यातच ग्रुप बंद पडला असता. उन्हाळ्यापासून पाऊस संपेपर्यंत पिल्लांची रांग संपत नाही, मांजर दोन महिन्यांत व्यायते, म्हणजे ६३-६५ दिवस, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तुमचं बाथरूम एकच आहे हे लक्षात ठेवा.

वय ओळखायला शिका कारण त्यावर सगळं पुढचं ठरतं. डोळे बंद म्हणजे साधारण दहा दिवसांच्या आतलं. डोळे उघडे पण निळे आणि चालताना झोकांड्या म्हणजे तीनेक आठवडे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून पिल्लू बसवा, जन्मताना शंभर ग्रॅमच्या आसपास आणि पुढे दर आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढ असा ढोबळ हिशोब. रोज त्याच वेळेला वजन करून वहीत लिहा, एक दिवस जरी वजन घटलं तरी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आई नसलेलं एवढंसं पिल्लू हातात आलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पाजलं तर पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरा, बाटली जुन्या मोज्यात घाला, पिल्लू त्याला टेकवून ठेवा. गायीचं म्हशीचं दूध नको, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे संपलं. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा. पाजताना पिल्लू पोटावर हवं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने मागून हळू पुसायचं, त्याशिवाय ती शी-शू करत नाहीत, आई चाटते ना, तेच काम. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. तुमची नोकरी असेल तर हे पिल्लू घरी बसणाऱ्या कुणाला तरी द्या, हिरोगिरी करू नका.

पिल्लाला घर द्यायचं आठ आठवड्यांनंतर. त्याआधी नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. पण माणसाची सवय लावायला उशीर करायचा नाही, दोन ते सात आठवडे हा त्यांचा शिकण्याचा काळ असतो, त्यात रोज हातात घेतलं, मिक्सरचा आवाज ऐकवला, दारावरची बेल ऐकवली तर पिल्लू घरातलं होतं. चार महिन्यांपर्यंत माणसाचा हात न लागलेलं पिल्लू आणलंत तर ते तुमच्या कपाटाखालीच राहायला जातं.

आता आजारपण. नवीन पिल्लू जुन्यांत मिसळायचं नाही, किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा गाऊन घालून जायचं. आम्ही एकदा गडबड केली. रात्री अकराला एक पिल्लू आलं, एकच रात्र म्हणून बाकीच्या तिघांबरोबर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं, पाणी पीत नव्हतं, नुसतं वाटीवर तोंड. मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. आठवड्यात तीन गेली. एक राहिली ती आता चेंबूरला आहे. हा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो, फिनाईलने हा जात नाही, ब्लीच पाण्यात मिसळून पुसावं लागतं आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत मांजर तिकडे सोडायचं नाही. फिनाईल तर मांजराच्या घरात वापरूच नका, विषारी असतं त्यांना. त्या खोलीत आम्ही पुढे वर्षभर बिनलसीचं पिल्लू ठेवलं नाही.

जंताचं औषध लहानपणीच सुरू होतं, दर दोन आठवड्यांनी, डोस वजनावर, डॉक्टरला विचारून. आठ आठवड्यांना तीन रोगांची एकत्र लस, तीनचार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीज. कुत्र्याचे पिसवांचे ड्रॉप मांजराला कधीही लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देणारे लोक मी पाहिलेत, एका गोळीत मांजर जातं. आणि तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, "घरचंच आहे" म्हणून सोडायचं नाही. आमच्याकडे बरेच जण परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला जातात, खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा.

नर का मादी ते नीट बघा. शेपटी वर करायची, दोन खुणा जवळजवळ आणि खालची उभी रेघेसारखी तर मादी, दोन गोल टिंबं लांब लांब तर नर. तिरंगी असेल तर जवळपास नक्की मादीच. आम्ही एकदा बंड्या म्हणून दिलेला बोका सहा महिन्यांनी व्यायला. तेव्हापासून आम्ही ऑपरेशनची, म्हणजे नसबंदीची, तारीख फॉर्मवरच लिहून घेतो.

ऑपरेशनबद्दल आम्ही अजिबात ऐकून घेत नाही. मोठं मांजर असेल तर ऑपरेशन करूनच देतो, पिल्लू असेल तर पाचव्या-सहाव्या महिन्यात आम्हीच फोन करून डॉक्टरकडे नेतो. "एकदा तरी आई होऊ द्या" म्हणणाऱ्या काकूंना मी विचारते, काकू, चार पिल्लं झाली तर चारही तुम्ही ठेवणार ना? मग विषय बदलतो. आणि पिल्लांना घर दिलं पण मीटर रूममधली भाटी तशीच सोडली तर काही उपयोग नाही, थोड्याच महिन्यांत तोच नंबर पुन्हा फोनवर. पिल्लं खायला लागली, सहाआठ आठवड्यांची झाली की तिला पकडायचं. आदल्या रात्रीपासून तिला कुणी खायला घालू नये (वॉचमनला सांगा, तो गुपचूप घालतो), पिंजऱ्याच्या टोकाला सुकट किंवा भाजलेला बोंबील ठेवायचा, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं म्हणजे तिच्या पायाला तार लागत नाही. दार पडलं की लगेच चादर टाका, अंधार झाला की शांत होते. ऑपरेशनच्या वेळी कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तिला पुन्हा पकडून नेत नाही.

मग ती परत त्याच बिल्डिंगमध्ये. यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात. पण सगळ्या मांजरांना घर नको असतं. जी हात लावू देत नाही, आयुष्यभर कंपाउंडमध्ये वाढलीये, तिला फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे शिक्षा. तिला तिची जागा, रोज खायला घालणारं एक माणूस आणि झालेलं ऑपरेशन, एवढं पुरे. उलट घरात वाढलेलं मांजर पोत्यात घालून मच्छी मार्केटला सोडणारे लोक आहेत, "तिथे खायला मिळेल हो भरपूर". नाही मिळत. तिथले बोके त्याला उभं करत नाहीत, ते गाडीखाली बसून राहतं आणि उपाशी मरतं. असं सोडून देणं १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत, पार्किंग याच्यापेक्षा महाग आहे. तरी सेक्रेटरीला कलम नंबरासकट सांगितलं की पोतं खाली ठेवतात, दंड किती ते आपण सांगायचं नाही.

फोटो आणि मेसेज. आम्ही सुरुवातीला लिहायचो, "अर्जंट, क्यूट पिल्लं, फ्री, आज नाही घेतली तर रस्त्यावर जातील". अशा मेसेजला रडके इमोजी येतात, घर येत नाही, आणि येतं ते चुकीचं. फ्री हा शब्द आता आम्ही लिहीतच नाही. आता असं लिहितो: "खारी, मादी, अंदाजे अडीच महिने, राखाडी पट्टे. लसीचा पहिला डोस, जंताचं औषध झालंय. डबीचा आवाज आला की कुठूनही धावत येते पण उचलून घेतलेलं आवडत नाही. दुसऱ्या मांजरांबरोबर राहते, कुत्रा बघितलेला नाही. ठाण्यापर्यंत घरी आणून देऊ. खिडक्यांना जाळी हवीच." उचललेलं आवडत नाही हे मुद्दाम लिहायचं, म्हणजे ज्याला मांडीवरचं मांजर हवंय तो आधीच गळतो. फोटो सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश नाही, तुम्ही जमिनीवर आडवे पडून, मांजराच्या डोळ्यांच्या लेव्हलला. काळ्या मांजराचा तर खास नीट काढा, फिकट चादरीवर बसवून, नाहीतर फोटोत दोन पिवळे दिवे दिसतात फक्त. काळ्यांना घर मिळायला आमच्याकडे जास्त वेळ लागतो, आडवं जाण्याचं खूळ अजून आहे, शिकलेल्यांतही. दोन भावंडं असतील तर जोडीने द्यायचा आग्रह धरा, दोघं एकमेकांना चावून दमतात, एकटं पिल्लू रात्री तीन वाजता मालकाच्या पायाचा अंगठा चावतं.

आता मुख्य काम म्हणजे नाही म्हणणं.

फोन आला की आधी गप्पा मारा, फॉर्म नंतर. गप्पांत सगळं कळतं. "पर्शियन आहे का?" नाही, ठेवा. "दुकानात उंदीर झालेत" नाही. "मुलीच्या बर्थडेला सरप्राईज द्यायचंय" नाही, आणि मुलीच्या आईला याची कल्पना आहे का तेही विचारा. "आम्ही घरात नॉनव्हेज आणत नाही, दूध-पोळी चालेल ना?" इथे जरा थांबून समजावते मी, कारण ही माणसं बऱ्याचदा मनाने चांगली असतात. मांजराला मांसातलं टॉरिन लागतंच, ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय जातं, दूध-पोळीवर मांजर जगताना दिसतं तेव्हा ते शेजारी जाऊन मच्छी खात असतं. पॅकेटमधलं मांजराचं खाणं घरात चालणार असेल तर शाकाहारी घरातही देतो आम्ही, नसेल तर हात जोडतो.

भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का, मालकाचा मेसेज दाखवा. घरात किती जण आहेत आणि त्यातल्या किती जणांना मांजर हवंय, सासूबाईंशी दोन मिनिटं फोनवर बोलू द्या. कुणाला दमा, अ‍ॅलर्जी? आणि माझा आवडता प्रश्न, गणपतीत कोकणात जाता ना, तेव्हा मांजर कुठे? ज्यांनी विचार केलाय ते लगेच सांगतात, समोरच्या वहिनी किल्ली घेतात. ज्यांनी नाही केलाय ते म्हणतात, "अं, बघू तेव्हाचं तेव्हा". आमच्याकडे परत आलेली मांजरं बघाल तर मे महिना आणि गणपती, याच दोन वेळेला.

आणि जाळी. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एक पिल्लू नवव्या मजल्यावर दिलं. घर छान, माणसं छान, म्हणाली ती खिडकीकडे जातच नाही हो, पुढच्या रविवारी जाळीवाला येणारच आहे. शुक्रवारी कबुतर आलं खिडकीत. त्यांनी मला रडत फोन केला आणि मी त्यांना काही बोलू शकले नाही कारण चूक माझी होती, मी रविवारपर्यंत थांबायला हवं होतं. तेव्हापासून नियम एकच, जाळी आधी, मांजर नंतर, आणि जाळीचा व्हिडिओ नाही, स्वतः जाऊन हाताने ओढून बघायची. मच्छरजाळी मांजराचं वजन पेलत नाही. नायलॉनची कबुतरजाळी चालते पण मांजर चावून भोक पाडतं, दर महिन्याला तपासायची, स्टीलची सगळ्यात बरी. ग्रिल आहे म्हणून निश्चिंत राहू नका, ग्रिलमधून डोकं गेलं की पिल्लू गेलं. आणि बाथरूमच्या आडव्या काचा आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक, हे कुणाच्याच लक्षात नसतं. पहिल्या मजल्यालाही जाळी, हो.

घरी द्यायला स्वतः जा, कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत. पार्सलवाल्या बाइकवरून मांजर पाठवणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. जाताना मांजर झोपायचं तो फडका आणि त्याचं वापरलेलं थोडं लिटर (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) बरोबर द्या, वासाने त्याला जागा ओळखीची वाटते. पहिले तीनचार दिवस एकच खोली, सगळं घर नाही. ते पलंगाखाली जाईल, जाऊ द्या, ओढून काढू नका, पाहुणे बोलावू नका. पहिल्या रात्री जेवणार नाही कदाचित. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर मात्र आम्हाला कळवा. कागदावर सह्या घेतो आम्ही, ओळखपत्राची कॉपी घेतो, आणि त्यात एक ओळ ठळक असते की काहीही कारणाने ठेवणं जमलं नाही तर मांजर फक्त आमच्याकडेच परत यायचं, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, सोडायचं तर अजिबात नाही.

परत आलं तर ओरडू नका. हे मला जमत नव्हतं. एक मुलगा दोन महिन्यांनी बोका परत घेऊन आला, बायकोला बाळ होणार, डॉक्टरांनी सांगितलं. मी त्याला टॉक्सोप्लाझ्मावर (मांजराच्या शीतून येऊ शकणारा, पोटातल्या बाळाला बाधणारा जंतू) अर्ध्या तासाचं लेक्चर दिलं, की लिटर रोज दुसऱ्याने साफ केलं, हात धुतले, मांजराला कच्चं मांस घातलं नाही तर मांजर घालवायची गरज नसते. सगळं बरोबर होतं, पण तो खाली मान घालून ऐकत होता आणि निघताना म्हणाला, "मॅडम, आणून तरी दिला ना मी." खरं होतं ते. तो बोका म्हणजे बाळ्या, सहा वर्षांचा, एक कान फाटलेला, आता डोंबिवलीला एका रिटायर्ड आजोबांकडे असतो. आजोबांना पिल्लू नको होतं, म्हणाले पिल्लू वीस वर्षं जगलं तर मी कुठून आणू वीस वर्षं. मोठ्या मांजरांसाठी अशी घरं शोधा, आजी-आजोबा, कामावरून उशिरा येणारी शांत माणसं, त्यांना पडदे फाडणारं पिल्लू नकोच असतं पण कुणी त्यांना मोठं मांजर सुचवतच नाही.

दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी फोटो मागा, पंधराव्या दिवशी, महिन्याने, मग ऑपरेशनच्या वेळी. फोटो यायचा बंद झाला की फोन, फोन उचलला नाही की "जवळच आले होते" म्हणत थेट घरी. पैशांचं म्हणाल तर बिलाचा फोटो ग्रुपवर टाकल्याशिवाय कुणाला एक रुपया द्यायचा नाही, मैत्रिणी टिकतात त्याने. आणि प्रत्येकीने आपला आकडा ठरवा, माझा तीन. चौथं आलं तर आधी एक जायला हवं.

कॅरिअरवर मार्करने मोठ्ठं नाव आणि फोन नंबर लिहा. मांजर पोचवून आलं की तो तिथेच राहतो, लोक त्यात कांदे-बटाटे ठेवतात. आमचे पाच गेलेत आत्तापर्यंत, डोंबिवलीच्या आजोबांनी मात्र धुऊन, आत चकलीचा डबा ठेवून परत पाठवला.